२९६ किलोमीटर : २२ मिनिटं की ७० मिनिटं? (पैजेचा मामला आहे)

तळटीप
मंडळी, घरातला वाद चिघळलाय, निवाडा द्या.

पुढच्या आठवड्यात मी आणि आमचे मेहुणे एका छोट्या विमानतळावरून दुसऱ्या छोट्या विमानतळावर जाणार आहोत. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा तिथल्या रस्त्यांवर जाईल. क आणि ख म्हणू. थेट विमान, एटीआर ७२. तिकिटावर सुटायची वेळ ८:४०, पोचायची ९:५०. म्हणजे ७० मिनिटं.

मेहुण्यांनी अंतर सांगणाऱ्या एका साइटवर क आणि ख टाकलं. उत्तर आलं, हवाई अंतर २९६ किमी, उड्डाणाचा वेळ २२ मिनिटं. झालं! तेव्हापासून ते म्हणतायत की कंपनी उगाच वेळ फुगवून सांगते, आपण ९:०२ ला खाली, फार तर सव्वानऊ. त्या भरवशावर ख च्या टर्मिनलबाहेरून सुटणारी ९:४५ ची बस धरायची त्यांची तयारी आहे. मी १०:४५ च्या बसवर अडून बसलोय.

त्यात अंतराचाही घोळ आहे. एक साइट म्हणते १८४ मैल, दुसरी १६० मैल. एवढा फरक? रस्त्याने ३८५ किमी आहे, ते सोडा. खरं अंतर किती, खरा वेळ किती आणि बस कुठली? आगाऊ धन्यवाद.

गणितघाशा
मैलांचं आधी संपवतो. दोन्ही बरोबर आहेत. १८४ हे जमिनीवरचे मैल, १६० हे नॉटिकल. एक नॉटिकल मैल म्हणजे १८५२ मीटर. १६० × १.८५२ = २९६. हा आकडा हवेतून आलेला नाही. अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले की त्यातल्या एका भागाची, म्हणजे एका कलेची लांबी साधारण तेवढी भरते. जहाजवाल्यांना नकाशावर कंपास टेकवून थेट मैल मोजता यायचे, विमानवाल्यांनी तेच उचललं. नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल.

उंटावरून
२९६ ÷ ७० मिनिटं = तासाला सुमारे २५४ किमी. एवढ्या वेगात तर चांगली रेल्वे जाते. मेहुण्यांचा संशय रास्त आहे. :)

बाराफ
माझं मत मेहुण्यांना. कंपन्या वेळ फुगवतात हे उघड गुपित आहे. अर्धा तास उशिरा सुटून 'वेळेवर पोचलो' अशी घोषणा मी स्वतः ऐकलीय.

लोडशीट
बरीच वर्षं विमान कंपनीच्या डिस्पॅचमध्ये, म्हणजे उड्डाणांची आखणी करणाऱ्या विभागात काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती २२ मिनिटं कुठून आली ते सोपं आहे. साइटने २९६ ला ८०० ने भागलं. ८०० किमी हा जेटचा वेग झाला, तोही वर उंचावर सरळ उडत असतानाचा. एटीआर ७२ पंख्याचं विमान आहे, त्याचा सर्वात जास्त क्रूझ वेग, म्हणजे वर सरळ उडतानाचा वेग, साधारण २७५ नॉट, म्हणजे तासाला ५१० किमी. म्हणजे भागाकारच चुकीच्या आकड्याने केलाय.

पण ५१० ने भागलं तरी ३५ मिनिटं येतात, ७० नाही. उरलेली पस्तीस कुठे जातात ते बघा.

तिकिटावरची वेळ ही 'ब्लॉक टाइम' असते. चाकांमागचे ठोकळे काढले तिथून ते पलीकडे ठोकळे परत लावले तोपर्यंत. आम्ही चॉक ऑफ, चॉक ऑन म्हणतो. ८:४० ला विमान हवेत जात नाही, जागेवरून हलतं. पुढे टॅक्सी (विमानाचं जमिनीवर चाकांवर चालणं), धावपट्टीवर वळणं, परवानगी. छोट्या तळावर याला ८ मिनिटं धरा.

मग चढणं. भरलेलं एटीआर सरासरी मिनिटाला हजार फूट चढलं असं धरा, १७००० फुटांवर जायला १७ मिनिटं. त्या काळात पुढे जाण्याचा वेग २०० नॉटच्या आसपास, म्हणजे ५७ नॉटिकल मैल चढतानाच संपले. उतरताना ढोबळ नियम असा की हजार फुटांना तीन मैल. १७ गुणिले ३, ५१ मैल, १३ मिनिटं. आता अंतर १६० मैल असलं तरी ठरलेल्या हवाई मार्गाने आणि धावपट्टीच्या योग्य टोकाकडे वळून जाताना १८० च्या घरात जातं. १८० मधून ५७ आणि ५१ वजा करा, उरले ७२. तेवढेच काय ते २७० नॉटच्या खऱ्या वेगाने. १६ मिनिटं.

१७ + १६ + १३ = ४६. उतरण्यासाठी धावपट्टीच्या रेषेत येणं, चाकं सोडणं, वेग कमी करणं याची ६. झाली ५२. बाहेर पडतानाची टॅक्सी ८, आत येतानाची ४. झाली ६४. वर ६ मिनिटं कंपनीची उशी. ७०.

तळटीप, १०:४५ ची बस धरा.

तळटीप
लोडशीट, दंडवत! ही प्रिंट काढून फ्रिजवर चिकटवतोय.

बाराफ
म्हणजे फुगवतात हे तुम्हीच कबूल केलंत. ६ मिनिटं.

लोडशीट
उशी आणि फसवणूक यात फरक आहे हो. वारा उलटा असेल, पुढे दुसरं विमान उतरत असेल तर ती ६ मिनिटं कुठून आणायची? आणि वेळापत्रकात नुसते ६४ छापले तर रोज एखादं विमान उशिरा दिसेल, मग तुम्हीच इथे धागा काढाल.

बाराफ
ते तर काढणारच. पण मग १५ मिनिटांपर्यंतचा उशीर 'वेळेवर'च धरायचा हा जो हिशोब चालतो त्याचं काय? एकीकडे उशी, दुसरीकडे सवलत. परीक्षेत पेपर सोपा काढायचा आणि वर ग्रेस मार्कही द्यायचे.

लोडशीट
या मुद्द्यावर माझा पास.

सावकाश
लोडशीट यांच्या हिशोबात एक भर. छोट्या तळांवर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे बरेचदा नसतो. मग उड्डाणाला जाताना विमान धावपट्टीवरूनच उलट दिशेने चालत टोकापर्यंत जातं, तिथे गोल वळतं आणि मग पळतं. बॅकट्रॅक म्हणतात. उतरल्यावरही तेच, पार पुढे जाऊन वळून परत. तेवढा वेळ धावपट्टी दुसऱ्या कुणाला मिळत नाही, म्हणून वर एखादं विमान असेल तर ते घिरट्या घालतं. मोठ्या विमानतळांचं दुखणं वेगळं. तिथे टॅक्सीवे भरपूर, पण अंतरंच अचाट. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळाची पोल्डरबान नावाची धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब आहे की उतरल्यावर विमान वाटेत मोटाररस्त्यावरच्या पुलावरून जातं. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं आता उरलेला प्रवास रस्त्यानेच.

नकाशेबाज
अंतराबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. २९६ हा आकडा कुठून कुठपर्यंतचा? टर्मिनलच्या दारापासून नाही. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो, सहसा धावपट्ट्यांच्या मध्याजवळ. त्याचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या पाठीवरचं सर्वात जवळचं अंतर काढतात. बहुतेक साइट पृथ्वी ६३७१ किमी त्रिज्येचा गोल चेंडू मानतात. ती तशी नाही, विषुववृत्तावर त्रिज्या ६३७८ आणि ध्रुवाकडे ६३५७. त्यामुळे चेंडूवाल्या सूत्रात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची चूक होऊ शकते. तुमच्या २९६ मध्ये ती दीड किलोमीटरच्या आत. उद्या तिसरी साइट २९७ म्हणाली तर नवा धागा काढू नका.

उंटावरून
आणि ते विमान नकाशावर वाकडं जाताना दिसतं ते?

नकाशेबाज
ते खंड ओलांडणाऱ्यांसाठी. सपाट नकाशावर वाकडी दिसणारी रेघ गोलावर जवळची असते. ३०० किमीत पट्टी ठेवून रेघ मारली तरी फरक नगण्य. इतक्या छोट्या प्रवासात पृथ्वी सपाट मानली तरी चालेल. (कृपया हलकेच घ्या. सपाटवाले इथे आले तर जबाबदार मी नाही.)

भटक्या_जमात
छोटं अंतर, छोटे विमानतळ म्हटल्यावर स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरची वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे फेरी आठवलीच पाहिजे. अंतर २.७ किमी, वेळापत्रकात दोन मिनिटं. १९६७ पासून चालू आहे. वारा साथीला असताना ५३ सेकंदांत झाल्याची नोंद आहे. आठ प्रवाशांचं आयलँडर विमान, वैमानिकाच्या मागे बसून सगळे काटे बघता येतात. एडिंबरा विमानतळाची धावपट्टी जवळपास या अख्ख्या प्रवासाएवढी लांब आहे!

गणितघाशा
२.७ किमी दोन मिनिटांत म्हणजे ताशी ८१. मोटरसायकलने मागे टाकलं असतं, मध्ये समुद्र नसता तर.

मधुरा_के
स्वित्झर्लंडमधलं आल्टनराइन आणि जर्मनीतलं फ्रीड्रिक्सहाफेन हेही घ्या. कॉन्स्टन्स सरोवराच्या दोन काठांवर, हवेतून वीसेक किलोमीटर, आठ मिनिटांचं उड्डाण. २०१६ च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बंद. पर्यावरणवाले चिडले होते आणि विमान बरेचदा रिकामं. आठ मिनिटांच्या उड्डाणासाठी सुरक्षा तपासणीच्या रांगेत कोण उभं राहील?

रस्तेवाला
शेवटी मुद्द्यावर आलात. मी केव्हाची वाट बघतोय. ७० मिनिटं, ५२ मिनिटं सगळं ठीक, पण घरातून निघून मुक्कामी पोचेपर्यंत किती? घर ते विमानतळ ४५ मिनिटं, सुटायच्या आधी ७५ मिनिटं तिथे ताटकळणं, ७० विमान, १० सामान, पुढे ४५. झाले चार तास पाच मिनिटं. त्यातली खऱ्या अर्थाने वेगाने गेलेली १६. त्यापेक्षा गाडी काढा, मनाला येईल तिथे थांबा.

सावकाश
३८५ किमी ताशी ६० च्या सरासरीने सहा तास पंचवीस मिनिटं. न थांबता. विमान अजून दोन तास वीस मिनिटांनी पुढे आहे, रस्तेवाला.

रस्तेवाला
माझी सरासरी ६० नसते.

मधुरा_के
म्हणूनच तुमच्याबरोबर कुणी येत नसेल.

रस्तेवाला
:D बरं, अंतर दीडशे-दोनशे असेल तर गाडी जिंकते हे तरी मान्य करा. जमिनीवरचा वेळ अंतर कमी झालं म्हणून कमी होत नाही. तुमचं विमान २९६ ऐवजी २०० किमी जाणार असतं तरी तिकिटावर तासभराच्या आसपासच दिसलं असतं.

लोडशीट
हे मान्य. छोट्या मार्गावर वेळ ठरतो तो चढणं, उतरणं आणि जमीन यांवर. अंतर त्यात शेवटी येतं. म्हणूनच जेट घालूनही फार फायदा होत नाही. १०००० फुटांखाली जेटलासुद्धा सहसा २५० नॉटची मर्यादा पाळावी लागते, आणि ते पूर्ण उंची गाठेपर्यंत उतरायची वेळ होते. अशा मार्गावर जेट आणि एटीआर यांच्यात दहा-पंधरा मिनिटांचाच फरक पडतो, इंधन मात्र एटीआर बरंच कमी पितं.

खिडकीवाली
माझा अनुभव. असाच पाऊण तासाचा प्रवास होता. पलीकडे ढग खाली आलेले, धावपट्टी दिसेना. अर्धा तास गोल फिरलो, मग वैमानिकाने सांगितलं की परत जातोय. जिथून निघालो तिथेच उतरलो. दोन तास दहा मिनिटं, अंतर शून्य. कुठली साइट हे दाखवेल?

उंटावरून
आत्म्याची यात्रा झाली ती. :)

लोडशीट
खिडकीवाली, तेव्हा राग आला असेल पण तो निर्णय बरोबर होता. बऱ्याच छोट्या तळांवर आयएलएस, म्हणजे रेडिओ लहरींनी विमानाला धावपट्टीपर्यंत वाट दाखवणारी यंत्रणा, नसते, त्यामुळे धावपट्टी जास्त लांबून आणि जास्त उंचीवरून दिसावी लागते. उतरता आलं नाही तर कुठे जायचं तो पर्यायी विमानतळ निघायच्या आधीच ठरवलेला असतो. तिथवर पुरेल एवढं आणि वर किमान ३० मिनिटं फिरता येईल एवढं इंधन टाकीत असतंच.

बाराफ
वाऱ्याचं काय? अटलांटिकवर तर तासांनी फरक पडतो ऐकलंय.

भटक्या_जमात
हो, फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन न्यूयॉर्क ते लंडन एक विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. ते वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे, नऊ-बारा किलोमीटर उंचीवर. एटीआर तिथवर जातच नाही, त्याची कमाल मर्यादा २५००० फूट.

गणितघाशा
पण खालचा वाराही हळू विमानाला जास्त लागतो. ५० नॉटचा समोरचा वारा २७० नॉटच्या एटीआरचा १८ टक्के वेग खातो, ४५० च्या जेटचा ११. आणि गंमत म्हणजे जाताना खाल्लेलं येताना पूर्ण परत मिळत नाही. १८० मैल २२० नॉटने ४९ मिनिटं, परतीला ३२० ने पावणेचौतीस. एकूण पावणेत्र्याऐंशी. वारा नसता तर ८०. वारा दोन्ही बाजूंनी सारखाच, तरी तीनेक मिनिटं तुमच्या खात्यातून गेली, कारण नुकसानीच्या दिशेत तुम्ही जास्त वेळ असता.

मधुरा_के
नवऱ्याशी वाद घालताना हे वापरीन.

नकाशेबाज
अवांतर : वेळेचे घोळ घड्याळामुळेही होतात. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्ट विमानतळाची धावपट्टी दोन राज्यांच्या हद्दीवर आहे. क्वीन्सलंड उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, न्यू साउथ वेल्स करतं. म्हणजे उन्हाळ्यात धावपट्टीच्या एका टोकाला आठ वाजले असताना दुसऱ्या टोकाला नऊ. विमानतळ क्वीन्सलंडच्या वेळेवर चालतो म्हणून बरं, नाहीतर टॅक्सी करतानाच तास गेला असता.

उंटावरून
धागा पूर्ण हायजॅक झालाय.

खिडकीवाली
विमानाच्या धाग्यावर हा शब्द नको हो!

सावकाश
तळटीप, एक फुकटचा सल्ला. एटीआरला प्रवाशांचं दार मागे असतं, सामान पुढे. मागच्या रांगेत जागा घ्या, आधी उतराल. मेहुण्यांना पुढची घेऊ द्या.

तळटीप
(नऊ दिवसांनी)
प्रवास करून आलो. स्टॉपवॉच लावून बसलो होतो, शेजारच्या प्रवाशाला वाटलं पहिल्यांदाच विमानात बसलोय.

ठोकळे निघाले ८:४७ ला, सात मिनिटं उशिरा. बॅकट्रॅक करून चाकं जमिनीवरून सुटली ८:५६. चाकं टेकली ९:४३. म्हणजे हवेत ४७ मिनिटं, लोडशीट यांच्या अंदाजापेक्षा ५ कमी. वारा पाठीमागून होता असं वैमानिकाने सांगितलं. धावपट्टीवर वळून जागेवर ९:४७. एकूण ब्लॉक ६० मिनिटं. उशिरा निघून तीन मिनिटं आधी पोचलो, आणि बाराफ, हो, घोषणा झाली. सामान ९:५८ ला हातात.

९:४५ ची बस बरोबर ९:४५ ला सुटली. आम्ही तेव्हा धावपट्टीच्या टोकाला वळत होतो आणि मेहुण्यांच्या खिडकीतून ती स्वच्छ दिसत होती. १०:४५ ने गेलो.

बाराफ
१० मिनिटांची उशी निघाली तर! मी काय म्हणत होतो!

लोडशीट
पाठीमागचा वारा होता. परतीचं सांगा.

तळटीप
परतीला हवेत ५४. तुम्ही दोघंही बरोबर, आता भांडू नका.

मेहुणे_स्वतः
नवीन सदस्य आहे, पण धागा पहिल्या दिवसापासून वाचतोय. माझी बाजू एकतर्फी मांडली गेली म्हणून खाते उघडावं लागलं.

साइट चुकली असं सगळ्यांनी ठरवून टाकलंत. मीही घड्याळ लावलं होतं. सीटबेल्टची खूण विझल्यापासून ती परत लागेपर्यंत बरोबर २२ मिनिटं झाली. माणूस विमानात मोकळा बसतो तो वेळ तेवढाच. बाकीचा वेळ तो बांधलेला असतो, त्याला प्रवास कोण म्हणतं? पैज मी हरलेलो नाही.

गणितघाशा
हे खोडून काढता येत नाहीये.

तळटीप
तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?